काळ्या भारी जमिनीत झाडलावणीची पूर्वतयारी

दख्खनच्या पठारावर बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या काळ्या चिकण जमिनीत (रेगूर) जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, लिंबू, डाळिंब यांसारखी झुडपे व लहान झाडे लावण्याआधी केली जाणारी मशागत. या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण बहुधा ४० ते ६० टक्के असते. त्यातले माँटमोरिलोनाइटसारखे खनिज पाण्याने फुगते आणि वाळले की आक्रसते, म्हणून पावसाळ्यात पाय रुतवणारी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अन्नद्रव्ये ती बऱ्यापैकी धरून ठेवते. रोप मरते ते बहुधा मुळांशी पाणी साचून हवा कोंडल्यामुळे.

त्यामुळे कामाची वेळ महत्त्वाची. जमीन वाफशावर असतानाच तिला हात लावावा : मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटावा. गोळा फुटलाच नाही, तर दोन-चार दिवस थांबणे शहाणपणाचे. ओल्या मातीत खोदले की कुदळीने खड्ड्याच्या भिंती चोपून गुळगुळीत होतात आणि कोवळी मुळे त्या भेदण्याऐवजी आतल्या आत गोल फिरतात. अशा भिंती खुरप्याने खरवडून घ्याव्यात.

महाराष्ट्रात खड्डे एप्रिल-मेमध्ये घेऊन उन्हात तापू देण्याची रीत आहे. झुडपांना ६० सेंमी. लांब, रुंद व खोल खड्डा साधारणपणे पुरतो. इथेच एक नेहमीची चूक होते. खड्ड्यातली काळी माती फेकून त्यात पोयटा (गाळाची भुसभुशीत माती), वाळू आणि शेणखत भरले, तर भोवतीच्या घट्ट मातीत तो खड्डा म्हणजे पुरलेली बादली ठरतो. पाऊस आत मुरतो, पण बाहेर पडायला वाट नसते. चाचणी सोपी आहे. खड्डा पाण्याने भरावा, ते जिरले की पुन्हा भरावा. दुसरे पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच उभे असेल, तर खोलीचा नाद सोडून उंचवटा किंवा गादीवाफा करावा आणि उताराच्या दिशेने चर काढावा. एरवी खोलीपेक्षा रुंदी वाढवावी व निघालेलीच माती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून परत भरावी. थोडी वाळू घालून माती भुसभुशीत होईल ही आशा व्यर्थ. उलट ती वाळल्यावर विटेसारखी बसते.

जिप्सम (कॅल्शियम असलेले खनिज) उपयोगी पडते ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या जमिनीत. त्यासाठी आधी माती तपासून घ्यावी. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत चुना घालण्याचे कारण नाही. तिथे आधीच लोह मिळत नसल्याने लिंबाची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

भरलेली माती पहिल्या पावसात खाली बसते. म्हणून ती जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवतात आणि रोपाची मान, म्हणजे खोड व मुळे जुळतात तो भाग, मातीत बुडू देत नाहीत. विदर्भातील संत्रा-मोसंबीच्या बागांत खोडाशी पाणी राहिल्यास फायटोफ्थोरा बुरशीमुळे डिंक्या रोग होतो. त्यासाठी दुहेरी आळे, म्हणजे खोडाभोवती एकाबाहेर एक अशी दोन कडी करतात, जेणेकरून पाणी बाहेरच्या कड्यात राहते आणि खोड कोरडे. उन्हाळ्यात भेगांनी बारीक मुळे तुटू नयेत म्हणून पाचट किंवा काडीकचऱ्याचे आच्छादन घालतात, तेही खोडापासून जरा अंतर सोडूनच.