सल्ला फुकट, पैसे गोळीचे

फार्मासिस्टने रुग्णाकडून सल्ल्याचे वेगळे पैसे घ्यावेत का, हा विषय निघाला की बहुतेकांना ती कुणीतरी नव्याने काढलेली टूम वाटते. पण फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या जानेवारी २०१५ च्या नियमावलीत फीचा उल्लेख आहेच: फार्मासिस्टने आपली फी सेवा देण्याआधी सांगावी, गोळ्या देता देता किंवा समजावून सांगणं अर्ध्यावर आल्यावर नव्हे. म्हणजे फी घेतली जाईल हे गृहीतच धरलंय. मुंबईत मात्र दादर असो की भांडुप, 'सल्ल्याचे इतके रुपये' अशी पाटी कुठल्या मेडिकलवर मी पाहिलेली नाही. दिसते ती '१५ टक्के सूट' ही पाटी.

या दोन पाट्यांमधल्या अंतराला मोठा इतिहास आहे. लंडनमध्ये १७०४ साली विल्यम रोज नावाच्या अपॉथेकरीचा, म्हणजे औषधं कुटून-घोटून विकणाऱ्याचा, खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्याने एका खाटकावर उपचार केले होते. निकाल रोजच्या बाजूने लागला आणि रोग्याला सल्ला द्यायची अपॉथेकरींना मुभा मिळाली, पण पैसे घ्यायचे ते औषधाचेच. सल्ल्याचं पोट औषधावर भरायचं म्हटल्यावर बाटल्यांची संख्या वाढणारच, आणि ती वाढली.

ही तऱ्हा मुंबईला नवी नाही. गिरगाव-परळकडच्या जुन्या लोकांना फॅमिली डॉक्टरचा दवाखाना आठवत असेल. पडद्याआड कंपाउंडर, घरून धुऊन नेलेली बाटली, तिच्यात गुलाबी मिक्श्चर आणि बाटलीवर डोस मोजायला कातरून चिकटवलेली कागदाची पट्टी. डॉक्टर पैसे घ्यायचे ते औषधाचे. तपासणीचे वेगळे मागितले असते, तर 'नुसतं बघायचे कसले पैसे?' असं कुणीही विचारलं असतं. पुढे तयार गोळ्यांच्या पट्ट्या आल्या, डॉक्टर चिठ्ठी लिहून देऊ लागले आणि त्यांची फी औषधापासून सुटी झाली. औषध देणाऱ्याची मात्र कधीच सुटली नाही. माझ्या मते वादाचं मूळ इथेच आहे.

कायद्याने मात्र त्याला दुकानदारापेक्षा वरचं स्थान दिलं. १९३०-३१ मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने औषधविक्रीतला अनागोंदी कारभार उघड केला. त्यानंतर १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं, हे ठरलं. १९५७ मध्ये इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या महाराष्ट्र शाखेने बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी सुरू केलं, तेच आजचं कालिन्याचं कॉलेज. २००८ मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, हा अभ्यासक्रम आला. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मधल्या, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, टीबीची आणि सवय लावणारी औषधं असलेल्या यादीतल्या, औषधांसाठी रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव लिहायची वेगळी वही आली. ती तीन वर्षं जपायची.

शिक्षण वाढलं, वह्या वाढल्या. कमाईची रीत तीच राहिली. चीनशी युद्ध झाल्यावर १९६३ मध्ये सरकारने औषधांच्या किमती गोठवल्या. मग १९७०, १९७९, १९८७, १९९५ आणि २०१३ असे किंमत नियंत्रणाचे आदेश येत गेले. नियंत्रित औषधांवर दुकानदाराला १६ टक्के, बाकीच्यांवर रिवाजाने २० टक्के, असं गणित बसलं. २०१३ च्या सूत्रातही दुकानदाराला पडणाऱ्या किमतीची सरासरी काढून तिच्यावर १६ टक्केच चढवले जातात.

टक्केवारीची गंमत अशी, की ती श्रम मोजत नाही. मेथोट्रेक्सेटची गोळी घ्या. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. हे पाच मिनिटं बसून, वार लिहून देऊन समजावायला हवं. पण गोळी स्वस्त, त्यामुळे या पाच मिनिटांचे हाती येतात मोजके रुपये. महागडं टॉनिक न बोलता पिशवीत टाकलं तर त्याहून कितीतरी जास्त. श्रमाचा मोबदला म्हणता येईल अशी एक छोटीशी तरतूद १९९५ च्या आदेशात होती: पट्टी कापून सुट्या गोळ्या दिल्या, तर हिशेबाने येणाऱ्या किमतीवर ५ टक्के जास्त घेता येत. कात्रीला मोल होतं, तोंडाला नव्हतं.

दुकानदारांची बाजूही अगदी स्वच्छ नाही. प्रमाणपत्र भिंतीवर आणि ज्याचं प्रमाणपत्र तो फार्मासिस्ट दुसरीकडेच, हा प्रकार मुंबईकरांना ठाऊक आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, दुकानात फार्मासिस्ट हजर आहे का हे कसून तपासलं जाऊ लागलं, तेव्हा केमिस्ट संघटनांनी आंदोलनं केली. काउंटरवर फार्मासिस्ट नाही, तिथे फी कसली?

ब्रिटन-ऑस्ट्रेलियात प्रत्येक चिठ्ठीमागे फार्मासिस्टला फी मिळते. ती मुख्यतः सरकारी व्यवस्थेतून येते. आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर बहुतेक जण खिशातून पैसे काढतात, म्हणून फीचा शब्द काढला की कपाळावर आठ्या. त्यात ऑनलाइन विक्रीच्या विरोधात ऑक्टोबर २०१५ आणि मे २०१७ मध्ये देशभर दुकानं बंद ठेवून झाली, तरी सवलतीची चढाओढ थांबली नाही. २० टक्क्यांतले १५ गिऱ्हाइकाला दिले, तर उरलेल्या ५ मध्ये भाडं, पगार आणि इन्सुलिनच्या फ्रिजचं वीजबिल. प्रत्येक पट्टीमागे फी लावणं मला पटत नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या दहा औषधांची पिशवी उलटी करून, एकेक तपासून देणाऱ्याने आधी सांगून पैसे घेतले, तर त्यात गैर काय?

गेल्या वर्षी आईला दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी एकच वेदनाशामक लिहून दिलं होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या मुलीने चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, एक पट्टी परत खणात ठेवली आणि म्हणाली, "काकी, ही नको. दोन्हीत तेच आहे. आधी डॉक्टरांना फोन करून विचारा." बिल पट्टीच्या किमतीएवढं कमी झालं.