एकास बारा : सार्वजनिक इमारतींच्या सुगम्यतेमागचा कायदा

पुण्यातल्या जुन्या वाड्याला जोतं असायचं, पावसाचं पाणी आणि रस्त्यावरचा चिखल आत येऊ नये म्हणून. वाडे गेले, काँक्रीटच्या इमारती आल्या, पण जोत्याची सवय राहिली. तळमजला रस्त्यापासून ४५० ते ६०० मिलिमीटर उंच आणि पुढे तीन-चार पायऱ्या, ही रचना शाळेत, बँकेत, दवाखान्यात, सरकारी कचेरीत सगळीकडे सारखीच. व्हीलचेअरवरच्या माणसाला पहिला अडथळा इथेच लागतो. सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांना इमारत अडथळ्याविना वापरता यावी यासाठीच्या, कायद्याचा गेल्या तीस वर्षांचा प्रवासही बराचसा या पायऱ्यांपाशीच अडखळत झाला आहे.

रॅम्पचा उतार ‘एकास बारा’ हवा, हे आज बहुतेक वास्तुविशारदांना पाठ असतं. हा आकडा १९६१ साली अमेरिकेत निघालेल्या मानकात आला. त्यामागे इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट यांच्या नेतृत्वाखाली झालेलं काम होतं. एक मीटर चढायला बारा मीटर लांबी, असा त्याचा अर्थ. ४५० मिलिमीटर जोत्याला ५.४ मीटर रॅम्प लागतो, ६०० ला ७.२ मीटर, आणि वर-खाली व्हीलचेअर थांबायला व वळायला सपाट जागा वेगळी. आपल्याकडच्या इमारत नियमांत सलग रॅम्प ९ मीटरपेक्षा लांब चालत नाही. जोतं ९०० मिलिमीटर असेल तर १०.८ मीटर लागतात, म्हणजे मध्ये विसाव्याचा टप्पा आलाच. दर्शनी बाजूला तीन मीटर मोकळी जागा असलेल्या इमारतीत हे सरळ रेषेत बसत नाही. रॅम्प भिंतीलगत वळवावा लागतो किंवा मुळात जोतंच कमी धरावं लागतं. आराखड्याच्या पहिल्या दिवशी हा विचार झाला तर खर्च फारसा वाढत नाही. इमारत उभी राहिल्यावर पायऱ्यांवर सिमेंट ओतून केलेला रॅम्प हमखास एकास पाच किंवा सहा होतो. तो चढताना खुर्ची मागे उलटण्याची भीती असते आणि उतरताना ती हाताबाहेर जाते.

पुण्याला या विषयाची ओळख कायद्याच्या कितीतरी आधीची, ती सैनिकांमुळे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्यांसाठी १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीत आली. १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र आलं आणि १९७४ मध्ये, पुन्हा खडकीतच, मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. व्हीलचेअरवर राहून काम करणारी, खेळणारी माणसं या शहरानं अशी दशकानुदशकं पाहिली आहेत. फाटकाबाहेरच्या शहरानं त्यांच्यासाठी काही बदलावं, असं म्हणणारा कायदा मात्र तेव्हा नव्हता.

तो कायदा, म्हणजे अपंग व्यक्ती कायदा, १९९५ साली संसदेत मंजूर झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. सार्वजनिक इमारतींत रॅम्प, व्हीलचेअरवाल्यांना वापरता येतील अशी स्वच्छतागृहं, लिफ्टमध्ये ब्रेल खुणा आणि ध्वनिसंकेत, रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत रॅम्प, हे सगळं त्याच्या कलम ४६ मध्ये होतं. पण त्याच कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत’ अशा अर्थाचे शब्दही होते. निधी नाही, एवढं उत्तर पुरायचं. मुदत नव्हती आणि नेमकी मापंही कायद्यात नव्हती.

मापं आली ती वेगळ्या वाटेनं. १९९८ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं अडथळाविरहित इमारतींची मार्गदर्शक तत्त्वं काढली, पुढे राष्ट्रीय इमारत संहितेत आणि राज्यांच्या विकास नियमावल्यांत तरतुदी आल्या. रॅम्पची रुंदी १.८ मीटर, दोन्ही बाजूंना ८०० मिलिमीटर उंचीवर कठडा आणि तो वर-खाली ३०० मिलिमीटर पुढे काढलेला, दाराची निव्वळ रुंदी (दार उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा) ९०० मिलिमीटर, प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत ३.६ मीटर रुंद वाहनतळाच्या दोन जागा, ही मापं तेव्हापासून ओळखीची झाली.

यातलं स्वच्छतागृहाचं माप मात्र मुळातच अपुरं होतं. नियमांत वर्षानुवर्षं १५०० बाय १७५० मिलिमीटर छापलं गेलं. व्हीलचेअरला जागच्या जागी वळायला १५०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ लागतं, आणि कमोडच साधारण ७०० मिलिमीटर जागा खातो. म्हणजे माणूस आत जाऊ शकतो, वळू शकत नाही. कमोडच्या बाजूला खुर्ची लावून अंग सरकवायला लागणारी ९०० मिलिमीटर जागाही तिथे नसते. २०१६ च्या केंद्रीय सुसूत्र मार्गदर्शक तत्त्वांनी हे माप २२०० बाय २००० केलं आणि बैठकीची उंची ५०० वरून ४५०-४८० वर आणली. जुन्या मापानं बांधलेली आणि नियमानुसार ‘पास’ झालेली स्वच्छतागृहं आजही वापरात आहेत. बरीचशी तर झाडू-बादल्यांची खोली झाली आहेत. आतली अडचण कोणी विचारात घेतली नाही, म्हणून वापर झाला नाही, आणि वापर नाही म्हणून कुलूप लागलं.

दरम्यान भारतानं १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. त्याच्याशी जुळणारा नवा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. इमारतींच्या दृष्टीनं त्यातली दोन कलमं फार मोलाची. कलम ४४ म्हणतं, सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला परवानगी नाही, आणि बांधकाम तसं नसेल तर पूर्णत्वाचा दाखला किंवा वापराची मुभाही नाही. कलम ४५ नं अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींना नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम १५ जून २०१७ ला निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ ला संपली. ती संपली तेव्हा काम झालेलं नव्हतं.

कारण त्या नियमांतल्या नियम क्रमांक १५ मध्ये दडलेलं होतं. त्यानं सक्तीची मापं न घालता मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवलं, आणि तत्त्वांची भाषा सुचवण्याची. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०१७ ला मुदती घालून दिल्या होत्या. ८ नोव्हेंबर २०२४ ला त्याच प्रकरणात न्यायालयानं हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान, सोडता न येणारी मापं वेगळी काढून तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असं केंद्राला सांगितलं. आमच्या मते या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. हळूहळू गाठायचं उद्दिष्ट आणि आजच पाळायचं किमान माप यांत फरक असतो. तोवर दोन्ही एकाच शब्दात गुंडाळले जात होते आणि ज्याला टाळायचं आहे त्याला ते सोयीचं होतं.

पुण्यात प्रत्यक्ष कस लागतो तो भोगवटा पत्राच्या वेळी. नकाशावर ‘रॅम्प १:१२’ लिहिलेलं असतं, जागेवर फरशी बसवताना जोतं पन्नास मिलिमीटरनं वाढतं आणि रॅम्पची लांबी तेवढीच राहते. तपासायला महागडं उपकरण लागत नाही. १.२ मीटरची सरळ पट्टी रॅम्पवर धरायची, लेव्हलनं आडवी करायची आणि खालच्या टोकाशी अंतर मोजायचं. १०० मिलिमीटरपेक्षा जास्त भरलं तर उतार चुकला. अंधांसाठीच्या ठिपक्यांच्या फरश्या जिन्याच्या पहिल्या पायरीच्या ३०० मिलिमीटर आधी आहेत का, रेषांच्या फरश्यांची वाट खांबावर किंवा चेंबरच्या झाकणावर तर संपत नाही, हेही तेव्हाच पाहायचं. दुचाकी अडवायला फाटकात लावलेले खांब ही तर खास इथली अडचण. दुचाकीचं हँडल आणि व्हीलचेअर यांची रुंदी जवळपास सारखी असल्यानं एकीला अडवणारी फट दुसरीलाही अडवते. खुर्चीसाठी ९०० मिलिमीटर मोकळे ठेवावेच लागतात, दुचाकी थांबवायला तिथे माणूस नेमावा लागतो.

तक्रारीसाठी राज्याचं दिव्यांग आयुक्तालय पुण्यातच आहे. आयुक्त साक्षीदार आणि कागदपत्रं बोलावू शकतात, शिफारस करू शकतात, आणि त्या शिफारशीवर काय केलं हे संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत कळवायचं असतं. तक्रारीत ‘रॅम्प नीट नाही’ एवढंच लिहिलं तर ‘रॅम्प उपलब्ध आहे’ असं उत्तर येतं. म्हणून उंची, लांबी, दाराची निव्वळ रुंदी आणि पट्टी धरून काढलेला फोटो सोबत जोडावा.