वारेच्या पेशींचा शिरकाव आणि ग्रोथ फॅक्टर

गरोदरपणात वार गर्भाशयात रुजताना तिच्या काही पेशी सुट्या होऊन आईच्या अस्तरात आणि तिथनं स्नायूच्या आतल्या साधारण एक तृतीयांश भागापर्यंत शिरतात, याला पेशींचा शिरकाव म्हणतात. या पेशी म्हणजे ट्रोफोब्लास्ट. त्यांनी किती आत जायचं आणि कुठं थांबायचं यात ग्रोथ फॅक्टरचा, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रोटीनचा, मोठा हात असतो.

शिरकाव कशासाठी, तर आईच्या गर्भाशयातल्या नागमोडी रक्तवाहिन्यांसाठी, म्हणजे स्पायरल आर्टरीसाठी. ट्रोफोब्लास्ट त्यांच्या भिंतीतला स्नायू काढून टाकतात, मग वाहिनी कितीतरी पट रुंद होते, तिला आकसता येत नाही आणि वारेकडं रक्त संथ पण भरपूर जातं. पहिले अडीच-तीन महिने याच पेशी वाहिन्यांची तोंडं बुचासारखी बंद ठेवतात, म्हणजे सुरवातीला ऑक्सिजन कमीच असतो आणि तो तसाच लागतो. विसाव्या आठवड्यापर्यंत हे काम बहुतेक उरकतं.

ईजीएफ, एचजीएफ, आयजीएफ-२ हे ग्रोथ फॅक्टर पेशींना पुढं ढकलणारे. ईजीएफ पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटला की पेशी एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही एन्झाइम जास्त सोडते, ती अस्तरातलं कोलॅजन कापतात आणि वाट होते. (ईजीएफ शोधणारे स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं.) उलट अस्तरातला टीजीएफ-बीटा या एन्झाइमना अडवणारी टिम्प प्रोटीन वाढवतो, शिरकाव आवरतो. लॅबमध्ये हे बघायला बारीक भोकांच्या जाळीवर जेलचा थर देतात, वर पेशी सोडतात, एका जाळीत ग्रोथ फॅक्टर घालतात, दुसऱ्या जाळीत नाही, आणि साधारण एका दिवसानं जाळीखाली किती उतरल्या ते रंग देऊन मोजतात. दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीत असं बरंच काम झालंय.

शिरकाव उथळ राहिला तर वाहिन्या अरुंदच राहतात. अक्कलकोट-मोहोळकडनं एखादीला बीपी वाढलं म्हणून सोलापूरला सिव्हिलला आणतात तेव्हा सातवा-आठवा महिना असतो, पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो, लघवीत प्रोटीन असतं, आणि घरचे म्हणतात हिनं टेन्शन घेतलं, हिनं मीठ जास्त खाल्लं, आणि ती बिचारी गप ऐकून घेते. हे साफ चूक आहे. या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि लवकर होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाची सुरवात बहुतेक वेळा पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या मुळाशीच झालेली असते, त्यात तिचा दोष काहीच नाही. रक्त कमी मिळालेली वार एसएफएलटी-१ नावाचं प्रोटीन जास्त सोडते, ते व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ या ग्रोथ फॅक्टरना धरून ठेवतं, आईच्या वाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं आणि बीपी चढतं. धोका जास्त असेल तर डॉक्टर सोळाव्या आठवड्याच्या आत कमी डोसची अॅस्पिरिन सुरू करतात, २०१७ च्या मोठ्या चाचणीत रोज १५० मिलिग्रॅमचा चांगला फायदा दिसला. म्हणून नाव नोंदवायला पाचव्या महिन्याची वाट बघू नये.

दुसरं टोक म्हणजे वार फार आत जाणं, अॅक्रीटा. मागच्या सिझरच्या व्रणावर अस्तर नीट नसतं, त्यामुळं आवरणारे निरोपही तिथं कमी पडतात, आणि डिलिव्हरीनंतर वार सुटत नाही, रक्त थांबत नाही, कधी पिशवीच काढावी लागते. जितकी सिझर जास्त तितका धोका जास्त. सोनोग्राफीत वार खाली, जुन्या टाक्यांवर दिसली तर डिलिव्हरी रक्तपेढी जवळ असलेल्या मोठ्या दवाखान्यातच ठरवतात.