केबल निळ्या पोर्टमध्ये, पिवळ्या नव्हे

हॉस्टेलच्या ग्रुपवर ‘विंगचं नेट गेलं’ असा मेसेज पडला की संशय आधी पावसावर जातो, मग कंप्युटर सेंटरवर, मग रात्रभर टोरंट चालवणाऱ्या एखाद्यावर. नाशकात गंगापूर रोड असो की म्हसरूळ, नवी बॅच राहायला आली की बऱ्याचदा कारण त्याच मजल्यावर सापडतं. कुणीतरी एम.जी. रोडवरून नवा राउटर आणलेला असतो आणि भिंतीतली केबल चुकीच्या पोर्टमध्ये खुपसलेली असते.

राउटरच्या पाठीमागे साधारण पाच पोर्ट असतात. चार एका रंगाचे, बहुधा पिवळे. ते ‘लॅन’, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठी. पाचवा वेगळा, बहुधा निळा. तो ‘वॅन’, म्हणजे बाहेरच्या जगासाठी. विद्यापीठाची केबल निळ्यातच गेली पाहिजे.

पिवळ्यात गेली तर काय होतं? कुठलाही लॅपटॉप नेटवर्कला जोडला की आधी सगळ्यांना उद्देशून हाक मारतो: मला पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळखीचा आकडा, कोण देतं? विद्यापीठाचा डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारं यंत्र, या हाकेला ओ देतो. पण तो दूर, आणि तुमचा राउटर भिंतीपलीकडे. पत्ते वाटायची सवय राउटरलाही असतेच. बहुतेक यंत्रं आधी आलेला देकार स्वीकारतात. शेजारच्या लॅपटॉपला १९२.१६८.०.१०४ असा पत्ता मिळतो, वर ‘बाहेर जायचं तर माझ्यामार्फत’ अशी सूचना. राउटरच्या निळ्या पोर्टला काहीच जोडलेलं नसल्याने तो रस्ता भिंतीवर आदळतो. म्हणून निदान सोपं आहे: काल १० ने सुरू होणारा पत्ता आज १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर विंगमध्ये आगंतुक राउटर आहे. चांगल्या स्विचमध्ये (खोल्यांच्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा) ‘डीएचसीपी स्नूपिंग’ चालू केलं की असे परके देकार तिथेच अडतात.

राउटर लावण्याआधी परवानगी मात्र घ्या. त्यामागून जाणारं सगळं तुमच्या एकट्याच्या नावावर नोंदलं जातं. मित्राने केलेला उद्योगही.

आता निळ्या पोर्टमागची खरी गंमत. आयपीव्ही-४ चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पण अजून चालू पद्धतीचे, पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे लवकर कळलं, आणि १९९४ मध्ये ‘नॅट’ ही एका पत्त्यामागे अनेक यंत्रं चालवायची युक्ती मांडली गेली. (जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले.) पंचवटीतला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा: आत दहा बिऱ्हाडं, बाहेर एकच दरवाजा, आणि देवडीवर वही घेऊन बसलेला माणूस. राउटर म्हणजे तो देवडीवाला.

समजा लॅपटॉपचा आतला पत्ता १९२.१६८.५०.१० आहे आणि त्याने पोर्ट क्रमांक ५१००० वरून एखादं पान मागवलं. (हे पोर्ट म्हणजे भोकं नव्हेत, पाकिटावर, म्हणजे माहितीच्या तुकड्यावर, लिहिलेले आकडे, ० ते ६५५३५.) राउटर पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून विद्यापीठाने त्याला दिलेला १०.२०.४.३७ लिहितो, पोर्ट बदलून ४०००१ करतो, चेकसम (पाकीट शाबूत आहे का हे तपासायचा आकडा) नव्याने मोजतो आणि वहीत नोंद ठेवतो: ४०००१ म्हणजे .१० चा ५१०००. त्याच क्षणी मोबाइलनेही ५१००० च वापरला तरी अडत नाही, त्याला ४०००२. उत्तर ४०००१ वर आलं की वही पाहून उलट खाडाखोड, आणि पाकीट लॅपटॉपकडे. सेकंदाला हजारो वेळा.

नोंद नसलेलं पाकीट आलं तर ते कुणाचं हे राउटरला कळत नाही, म्हणून ते तिथेच पडतं. त्यामुळे तुमचा प्रिंटर विंगमधल्या उपद्व्यापी पोरांना दिसत नाही. वही अनंत नसते, म्हणून काही वेळ हालचाल नसली की राउटर नोंद खोडतो. चहाला जाऊन आलं की गेम तुटलेला असतो, तो यामुळे.

बहुतेक विद्यापीठं स्वतःही नॅट करतात. म्हणजे वाड्यापुढे आणखी एक वेस. सिन्नरच्या घरून खोलीतल्या हार्ड डिस्कवर यायचं असेल तर राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे त्याच्या वहीत आधीच करून ठेवलेली कायमची नोंद, एकटं कामाचं नाही, कारण वेशीवरच्या वहीत नोंदच नाही. आतून सुरू होणारा व्हीपीएन, म्हणजे दोन टोकांमधला खासगी बोगदा, लागतो, आणि त्यालाही परवानगी.

जोडणीत अडतं ते दोन ठिकाणी. बऱ्याच ठिकाणी मॅक पत्ता, म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेला क्रमांक, नोंदवावा लागतो. तिथे लॅपटॉपचा नव्हे, राउटरच्या वॅन पोर्टचा द्या. तळाच्या लेबलवर नसला तर सेटिंगच्या पानावर असतो. दुसरं, विद्यापीठाकडून येणारा पत्ताच १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि राउटरची आतली मालिकाही तीच असेल, तर पाकीट आत द्यायचं की बाहेर हे त्याला ठरवता येत नाही. आतला पत्ता १९२.१६८.५०.१ करा. टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे.

राउटर ईशान्य कोपऱ्यात ठेवा, शेजारी निवडुंग ठेवला की किरणं शोषली जातात, हे सल्ले सोडून द्या. निवडुंगाने खरंच किरणं शोषली असती तर वाय-फायच मंदावलं असतं. राउटर उंचावर, लोखंडी कपाटापासून लांब ठेवा, आणि २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६, ११ पैकी सर्वांत मोकळं चॅनल निवडा.

आणि केबल चुकलीच असेल, तर ती उपटल्यावर शेजाऱ्यांचं नेट लगेच परत येईलच असं नाही. चुकीचा पत्ता त्यांच्याकडे मुदतीने दिलेला असतो, राउटरप्रमाणे दोन तास किंवा अख्खा दिवस. प्रत्येकाला आपापली केबल काढून पुन्हा लावायला सांगावं लागतं, दार ठोठावून, कारण ग्रुपवरचा मेसेज लॅपटॉपवर पोचणार नाही.