अरामीतला कर्मणी प्रयोग

‘तू दोरी ओढलीस.’ या वाक्यातलं क्रियापद जरा उलगडून बघा. ‘ओढली’मधला ‘ली’ दोरीमुळे आला. तिच्या जागी दोर असता तर ‘ओढलास’ झालं असतं. शेवटचा ‘स’ मात्र ‘तू’चा. म्हणजे एकाच क्रियापदावर आधी कर्माची खूण, मग कर्त्याची. शाळेत याला संकर प्रयोग म्हणतात आणि परीक्षा संपली की विसरतात.

आता उत्तर इराकमध्ये, तुर्कस्तानच्या सीमेजवळच्या बरवार भागात जाऊ. तिथल्या ख्रिस्ती गावांच्या अरामी बोलीत ‘तू तिला ओढलंस’ एवढं सगळं एका शब्दात मावतं: ग्रिशालुख. ‘ग्रिश’ म्हणजे ओढलेलं, ‘आ’ ही ‘ती’ची खूण आणि ‘लुख’ म्हणजे, समोर पुरुष असेल तर, ‘तुला’. आधी कर्म, मग कर्ता. ओढ-ली-स, ग्रिश-आ-लुख. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून बराच वेळ बघत बसलो होतो.

अरामी ही अरबी आणि हिब्रूची बहीण, सेमिटिक कुळातली. या कुळाचा रिवाज वेगळा आहे. अरबीत ‘कतबतु’ म्हणजे मी लिहिलं, ‘कतबत’ म्हणजे तिनं लिहिलं. पत्र लिहा नाहीतर पुस्तक, क्रियापद फक्त कर्त्याकडे बघतं. मग त्याच घरातल्या अरामीला भूतकाळात कर्माकडे बघायची सवय कुठून लागली?

या बोलींचा वाक्यविचार ज्यांच्यामुळे आज नीट मांडता येतो, त्यांत केंब्रिज विद्यापीठातले हिब्रूचे प्राध्यापक जेफ्री खान यांचं नाव आधी घ्यावं लागेल. त्यांचं सुरुवातीचं काम कैरोच्या सिनेगॉगमधून आलेल्या मध्ययुगीन हस्तलिखितांवर होतं. 1990च्या दशकात ते बोलत्या अरामीकडे वळले. एर्बिलच्या ज्यूंच्या बोलीचं त्यांचं व्याकरण 1999 साली आलं, बरवारचं त्रिखंडात्मक व्याकरण 2008 साली. या बोली लिहिण्यात फारशा नाहीत. त्यामुळे माणसांसमोर बसायचं, त्यांना गोष्टी सांगायला लावायच्या, ध्वनिमुद्रण करायचं आणि मग एकेक प्रत्यय सोडवायचा, असं हे काम.

त्यातली एक जोडी मला फार आवडते. वर्तमानकाळाच्या क्रियारूपाला ‘आ’ आणि ‘ले’ हे दोन प्रत्यय लावले की होतं ‘गर्शाले’: ती त्याला ओढते. भूतकाळाच्या रूपाला लावले की ‘ग्रिशाले’: त्यानं तिला ओढलं. दोन्हीकडे ‘आ’ म्हणजे ती आणि ‘ले’ म्हणजे तो, क्रमही तोच. फक्त ओढणारा कोण आणि ओढलं जाणारं कोण, हे उलटं झालं! मराठीतही ‘मुलगी दोर ओढते’ यात क्रियापद मुलीचं ऐकतं आणि ‘मुलीने दोर ओढला’ यात दोराचं.

याचं मूळ जुन्या धातुसाधितात आहे. संस्कृतात ‘मया कृतम्’, माझ्याकडून केलेलं. त्याच वाटेनं आपलं ‘मी केलं’ आलं. संस्कृतच्या भावंडातल्या जुन्या इराणी भाषेत, इराणी सम्राट दारियुशच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात, ‘मना कर्तम्’ असं कोरलेलं आहे. हे ‘कर्तम्’ आणि आपलं ‘कृतम्’ एकच. त्या साम्राज्याचा कारभार मात्र बराचसा अरामीत चाले. इजिप्तचा इराणी सुभेदार अर्शाम याची इसवी सनपूर्व पाचव्या शतकातली चामड्यावरची अरामी पत्रं उरली आहेत. त्यांत ‘शमीअ ली’ अशी रचना येते: मला ऐकलेलं, म्हणजे मी ऐकलं आहे. ही थेट इराणी साच्यावर बेतलेली आहे, असं अरामीचे अभ्यासक एदुआर्द येखेज्केल कुचर यांनी 1969मध्ये मांडलं. सगळ्यांना ते जसंच्या तसं मान्य नाही. अरामीच्या अंगातही त्या दिशेची ओढ होती, असं काही अभ्यासक म्हणतात. मला दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतील असं वाटतं. पुढे या बोली शतकानुशतकं कुर्दीच्या शेजारी राहिल्या, आणि कुर्दीही इराणी शाखेतलीच, भूतकाळात असंच वळण घेणारी.

खरी गंमत अकर्मक क्रियापदांत आहे. सुलेमानियाच्या ज्यूंच्या बोलीत ‘कीम’ म्हणजे तो उठला, ‘कीमा’ म्हणजे ती उठली. तिथे ‘ले’ लागत नाही, जसं आपण ‘त्याने उठला’ म्हणत नाही. बरवारला मात्र ‘किमले’, जणू ‘त्याने उठलं’. ओढणाऱ्याचा प्रत्यय तिथे उठणाऱ्यालाही लागला. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या वाक्यविचाराच्या अभ्यासक एडिट डोरॉन आणि खान यांनी 2012मध्ये या बोलींची वर्गवारी केली, ती याच प्रश्नावर: अकर्मक क्रियापदांपैकी कोणती ‘ले’ घेतात आणि कोणती नाही. मराठीलाही हा प्रश्न विचारावा. ‘तिने धडा वाचला’, पण ‘ती धडा शिकली’. ‘त्याने नाव सांगितलं’, पण ‘तो नाव विसरला’. शिकणं आणि विसरणं सकर्मक असूनही ‘ने’ का टाळतात?

बरवार आणि सुलेमानिया दोन्ही इराकच्या एकाच डोंगराळ पट्ट्यातले, तरी बोलींत एवढा फरक. असा फरक कागदपत्रांत सापडत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. सुलेमानियाचे ज्यू 1950–51मध्ये बहुतेक सगळे इस्रायलला गेले. त्यांची मुलंनातवंडं हिब्रू बोलतात. ‘कीम’ आणि ‘कीमा’ घरात रोज बोललेली पिढी आता फार म्हातारी झाली आहे.