काठपट्टीची गोधडी

काठपट्टीची गोधडी म्हणजे उरल्यासुरल्या कापडाच्या तुकड्यांची गोधडीच, फक्त तिच्यात तुकडे एकमेकांना थेट चिकटलेले नसतात, दोन तुकड्यांच्या मध्ये साडीच्या काठाची नाहीतर दुसऱ्या एखाद्या सारख्या कापडाची पट्टी सगळीकडून फिरवलेली असते. क्विल्टवाले, म्हणजे पाश्चात्त्य धाटणीची गोधडी शिवणारे, या पट्टीला सॅशिंग म्हणतात आणि दोन पट्ट्या जिथे एकमेकींना भेटतात तिथल्या चिमुकल्या चौकोनाला कॉर्नरस्टोन. आपण इथे नुसतं पट्टी आणि कोपरा म्हणू, काम तेच आहे.

गोधडी या प्रकाराबद्दल मराठी माणसाला काय सांगायचं, जाड आणि जड असेल ती वाकळ, बाळाचं ते दुपटं, आणि या सगळ्याचं संस्कृतातलं नाव कंथा, ज्यावरून बंगालच्या कांथाचंही नाव पडलं. गोधडी म्हणजे गरिबीची आणि फकिरीची खूण. भज गोविंदम् मध्येही रस्त्यावरच्या चिंध्यांची कंथा ल्यालेला योगी आहे, आणि गाडगेबाबांना त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांमुळे लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणायचे.

आता पट्टी कशाला, तर दोन कारणं. पहिलं दिसण्याचं. शाळेच्या युनिफॉर्मचा निळा, आजीच्या नऊवारीचा हिरवा, कुणाच्या तरी शर्टाच्या चौकड्या, फ्रॉकवरची फुलं, हे सगळं शेजारी शेजारी लावलं की नजर कुठेच ठरत नाही, बाजार भरल्यासारखं वाटतं, मध्ये एक रंगाची पट्टी आली की प्रत्येक तुकड्याला आपलं आपलं घर मिळतं. दुसरं कारण कामाचं आहे आणि ते मला जास्त पटतं. जुन्या कपड्यांचे तुकडे कधीच एका मापाचे येत नाहीत, एखादा उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापला गेला तर हातात घेतल्याघेतल्या ताणतो, आणि असे चौकोन थेट जोडत गेलं की चौथ्या ओळीपर्यंत गोधडी वाकडी झालेली असते. पट्टी मात्र सरळ धाग्यात, मोजून कापलेली असते, तिच्या मापाला चौकोन आणायचा, कमी असेल तर किंचित ताणून, जास्त असेल तर हळूच जिरवून. तुकडे कसलेही चालतात, पट्टी कशीही चालत नाही.

हिशोब एकदा नीट करून घ्यावा. एका माणसाच्या गोधडीला 9 इंचाचे चौकोन आणि 2 इंची पट्टी धरली तर आडवे 5 आणि उभे 8 असे 40 चौकोन लागतात, बाहेरच्या कडेलाही पट्टी धरून माप येतं 57 बाय 90 इंच. चारही बाजूंनी शिवणीसाठी पाव इंच माया सोडायची म्हणून चौकोन साडेनऊ इंचांचा कापायचा आणि पट्टी अडीच इंच रुंद, साडेनऊ लांब. अशा पट्ट्या लागतात 93 आणि कोपरे 54, हे आकडे ऐकून बऱ्याच जणी तिथेच सोडून देतात. पण साडेपाच मीटरच्या सुती साडीला दोन काठ असतात, एका काठातून 22 पट्ट्या निघतात, म्हणजे एका साडीच्या 44 आणि दोन साड्यांच्या 88. पाच कमी पडतात. त्या पाच तिसऱ्याच साडीच्या काठातून घेऊन मुद्दाम विखरून लावायच्या, एका कोपऱ्यात पाचही आल्या तर चूक वाटते, विखरल्या की नक्षी वाटते. काठ अडीच इंचांपेक्षा अरुंद असेल तर साडीच्या अंगातलं थोडं कापड घेऊन कापायचा, इरकलचा लाल काठ असा लावला की बाकी तुकडे कसलेही असोत, गोधडी उठून दिसते. जरीचा काठ मात्र नको, टोचतो आणि धुतल्यावर आकसतो.

शिवायच्या दोन रीती. मशीनवाली रीत अशी की आधी चौकोन आणि उभ्या पट्ट्यांची एक अख्खी ओळ जोडायची, मग पट्ट्या आणि कोपऱ्यांची दुसरी ओळ, आणि मग या ओळी एकमेकींना, शिवणी उलटसुलट दिशेला इस्त्री केल्या की कोपरे बरोब्बर जुळतात. अस्तराला मांजरपाट, पण तो कोरा वापरू नये, खळ असते आणि आटतो, आधी भिजवून वाळवावा. आणि गडद लाल कापड तर आधी दोनदा धुवावंच. मी नाही धुतलं, पहिल्याच धुण्यात सगळे पांढरे चौकोन गुलाबी झाले आणि घरात अजून त्या गोधडीला कुल्फी म्हणतात.

जुनी हाताची रीत वेगळीच आहे, तिच्यात वरचा भाग आधी शिवून तयार नसतोच. जमिनीवर साड्यांचे थर अंथरायचे, टाचून घ्यायचे, आणि कडेपासून आत जात जात तुकडा ठेवायचा, गोधडीच्या कडेला आलेली धार आत मुडपायची, तुकड्याच्या बाकीच्या उघड्या कडेवर पट्टी ठेवून सगळ्या थरांतून धावदोरा घालायचा, म्हणजे पट्टी इथे नुसती शोभेची नाही, धागे सुटणारी कड तीच झाकते. टाके कडेकडेने चौकोनात फिरत मध्यापर्यंत येतात, हाताने घोळ पुढे सारत. क्विल्टवाले सहसा बरोबर उलटं सांगतात, मधून सुरू करा आणि बाहेर जा, नाहीतर आतला कापूस गोळा होतो. आपल्यात कापूस नसतोच, साड्यांचे थर असतात, म्हणून निभतं.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडचे सिद्दी लोकही असंच कडेकडून आत शिवत जातात, त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. आफ्रिकेतून पोर्तुगिजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी जे पळून घाटावरच्या जंगलात गेले त्यांचे वंशज यांच्यात आहेत. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली फुलं लावतात, ती नसली तर कवंदी पुरी झाली असं कुणी मानत नाही. तिकडे अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावरच्या जीज बेंड गावातल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांपासून असेच पट्ट्यापट्ट्यांचे क्विल्ट शिवले, त्या भागात 1966 मध्ये फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था निघाली, 2002 मध्ये ते क्विल्ट ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये भिंतीवर लागले आणि 2006 मध्ये त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली.

नवरात्राआधी घरातलं सगळं धुणं निघतं तेव्हा गोधडी खरी तपासली जाते, ओली झाली की एकटीला उचलत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागते. त्या पिळ्यात आधी फाटते ती बहुतेक पट्टीच, कारण शिवणी तिच्याच दोन्ही अंगांना असतात. मग ती काढत बसत नाहीत, तिच्यावरच नवीन काठ ठेवून परत धावदोरा मारतात, आणि बऱ्याच वर्षांनी एखादी शिवण उसवली की खालून आधीच्या साडीचा काठ दिसतो.