ल्युपस : काळानुसार बदलणारा धोका

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार. १९५०च्या दशकात त्याचे निदान झालेल्यांपैकी जेमतेम निम्मे रुग्ण चार-पाच वर्षांनंतर हयात असत. आता दहातले नऊ जण दहा वर्षे सहज पार करतात. तरीही २००६ साली साडेनऊ हजार रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा त्यांच्यातला मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या जवळपास अडीचपट निघाला. मग ही माणसे नेमकी कशाने दगावतात?

उत्तर आजार किती जुना आहे यावर ठरते. १९७६ साली टोरांटोच्या डॉ. मरे युरोविट्झ यांच्या गटाने ते दाखवून दिले. सुरुवातीच्या वर्षांत घात होतो तो भडकलेल्या ल्युपसमुळे किंवा जंतुसंसर्गामुळे. स्वतःच्याच शरीरावर उलटलेली प्रतिकारशक्ती मूत्रपिंडांवर हल्ला चढवते. हे नुकसान दुखत नाही, म्हणून लघवीतली प्रथिने वारंवार तपासावी लागतात. या प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे दिली की जंतूंचे फावते. अशा रुग्णाचा ताप म्हणूनच अंगावर काढायचा नसतो.

पुढच्या वर्षांत गाठतो तो हृदयविकार. सततच्या दाहाने रक्तवाहिन्या वेळेआधी कडक होतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या ५० पट आढळले. (या वयात मुळात झटका क्वचितच येतो, त्यामुळे आकडा वाटतो तितका भयंकर नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.) तरुण बाईच्या छातीत दुखू लागले की ‘अ‍ॅसिडिटी असेल’ असे म्हणून मोकळे होणे इथे महागात पडते.

आणि खरी गोची स्टिरॉइडची. भडका विझवायला त्याच्याइतके झटपट काही नाही, पण तेच रक्तदाब, साखर आणि संसर्गाचा धोका वाढवते. म्हणून आजार शमला की प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा डोस हळूहळू उतरवत दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत आणायचा, जमल्यास बंदच करायचा, असा आजचा रिवाज आहे. अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. एकदम थांबवलेले स्टिरॉइड जिवावर बेतू शकते.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचे मात्र उलटे. मलेरियाची ही जुनी गोळी ल्युपससाठी नियमित घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तरी बरे वाटू लागले की रुग्ण आधी सोडतात ती हीच, बहुधा डोळ्यांना इजा होईल या भीतीने. वजनानुसार डोस ठेवला आणि नेत्रतज्ज्ञाकडून पडद्याची ठराविक काळाने तपासणी करून घेतली, तर पहिल्या पाच वर्षांत ही इजा विरळाच.